मागून वाजणारी घंटी

२३ डिसेंबर १९८९, शनिवार. अंबरनाथ

उद्या निघायचं. बारवी धरणाच्या काठाने सायकलवरून, दोघंच. लेक सोनू माझ्या आईकडे शिरगावला. शेजारी हसतायत, हसू देत.

माझी सायकल उल्हासनगर कॅम्प एकमधून आणली, जुनीच पण बरी. दुकानदार म्हणे, ‘भाभी, घंटी ऐसी लगाई है, सोया आदमी उठ जाएगा.’ म्हटलं, तशीच हवी. आमच्या घरातला माणूस वर्षभर जागेपणीच झोपलाय. तीनदा बोलावं तेव्हा एक ‘हं’. भांडण नाही, तंटा नाही. मी यांना नकोशी झालेय का, एवढं या सुटीत कळायला हवं. सरळ विचारायची हिंमत नाही.

२४ डिसें., रविवार. किसनचं घर

शिरगावला आईकडे पोहे. आई: ‘अगं, या वयात सायकली काय गं!’ वय म्हणे. बेचाळीस.

बदलापूर सोडल्यावर हे कायम पुढे. मागे वळून बघणं नाही. चढावर माझी चेन पडली. घंटी वाजवली, ‘अहो, अहो’ ओरडले, घसा बसला. स्वारी वळणाआड गडप. दगडावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने हे परत आले आणि वर मलाच, ‘अगं, मग घंटी वाजवायचीस ना!’

अबोला धरला. संध्याकाळपर्यंत यांना त्याचा पत्ताच नाही! अबोला धरावा आणि समोरच्याच्या लक्षातही येऊ नये, याहून अपमान कोणता.

मुक्काम किसनकडे. यांच्या कारखान्यातल्या, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधला जुना ऑपरेटर, आता निवृत्त. घर अगदी पाण्याकाठी. बोलतो ते साऱ्या गावाला ऐकू जाईल असं. ‘वैनी, लाजू नका, घर तुमचाच हाय!’ त्याच्याशी यांच्या गप्पा काय रंगल्या. त्याचं सगळं ऐकू येतं. माझंच तेवढं नाही.

२५ डिसें., सोमवार

सकाळी काठाकाठाने पायवाटेवर. पाणी इतकं स्वच्छ की रागावून राहणं जमेना. खाडीसारखा एक वाकडा भाग आहे, त्याच्या पलीकडे किसन लाकडं गोळा करत होता. त्याने हात वर केला, बोटं हलवली, पोटावर थापटलं. यांनी इकडून उत्तर दिलं. दोघं हसले. एवढ्या पाण्यावरून, तोंडातून अक्षर न काढता!

‘काय म्हणाला?’ मी मागून विचारलं. उत्तर नाही. पुढे जाऊन विचारलं तर लगेच, ‘पिठलं-भाकरी आहे, उशीर करू नका म्हणतोय. अगं, शॉपमध्ये प्रेस चालू असताना ओरडून काय उपयोग? सगळे हातानेच बोलतात.’

तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

दुपारी धरणाच्या रस्त्यावर मागून जीप आली. हॉर्नवर हॉर्न. हे मधोमध, आपल्याच नादात. मी किंचाळले. जीप अगदी हँडलला घासून गेली. ड्रायव्हर ओरडला, ‘बहिरा है क्या?’

ते त्यांनी ऐकलं नाही. मी ऐकलं.

सायकली आडव्या टाकून बसलो. समोर बसून विचारलं, ‘कधीपासून?’

‘डावा गेलाच आहे. उजवाही जायला लागलाय.’

‘मला सांगितलं का नाही?’

‘कळलं तर शॉपमधून काढतील. स्टोअरमध्ये बसवतील. मशीनशिवाय मी काय करणार, नलू?’ मग, ‘आणि तुला कधी सांगणार? तू हल्ली माझ्याशी बोलतच नाहीस.’

मी! मी बोलत नाही!

आधी हसले, मग रडले, मग पुन्हा हसू येईना. वर्षभर मी यांच्या पाठीशी बोलत होते, आणि हे माझ्या आवाजाची वाट बघत होते.

२६ डिसें., मंगळवार

आज शाळा. काठावर बसून शॉपची भाषा शिकले. थांब. पुढे हो. चहा झाला का. सुपरवायझर येतोय, हेही शिकवलं. म्हटलं, आपल्या संसारात सुपरवायझर कोण? सरळ माझ्याकडे बोट.

दुपारपासून सायकलवर मी पुढे. ‘तू दिसत राहिलीस म्हणजे झालं,’ म्हणाले. हे मागून अधूनमधून घंटी वाजवतात. स्वतःला ती ऐकू येत नाही, माझ्यासाठी वाजवतात. आहे, येतोय. फार बरं वाटलं.

जानेवारीत कंपनीचं मेडिकल. त्याआधी कानाचा डॉक्टर गाठू या, म्हटलं. तोंडासमोर, सावकाश. ऐकू गेलं, नक्की गेलं. पाण्याकडे बघत बसले.

२७ डिसें., बुधवार. घरी

निघताना किसन हातानेच काहीतरी बोलला यांच्याशी. या वेळी थोडं कळलं. त्यालाही माहीत आहे. प्रेसच्या आवाजाने त्याचेही कान तसेच झाले असणार, म्हणून एवढ्या मोठ्याने बोलतो.

शिरगावला सोनूला बघून आलो. ती अजून दोन दिवस तिथेच राहणार. मोरिवलीपाशी कारखान्यांचा वास आला आणि सुटी संपली. भोंगा झाला. यांनी मान वर केली नाही.

मग राहवेना. चालवता चालवताच वळून कानाकडे बोट केलं, मग रस्त्याकडे. जायचं ना डॉक्टरकडे? तोल जाईल म्हणून पुन्हा पुढे बघावं लागलं.

मागे घंटी वाजली. हो म्हणून, की नुसतं ‘आहे, येतोय’ म्हणून, कळलं नाही. वळून बघितलं नाही. घरापर्यंत वाजत होती.