खरपुडीला माशी मिळाली

१८ ऑगस्ट, गुंजवणे

पोचले एकदाची! भोरहून एसटी, नसरापूरला दुसरी, आणि शेवटचा टप्पा टेम्पोत, खताच्या गोणीवर बसून. हाडं खिळखिळी झाली. पण खोली बघितली आणि जीव भांड्यात पडला. समोर भातखाचरं, मागे डोंगर, आणि शेजारी घरमालकीण सगुणाबाई, ज्यांनी मी चप्पल काढायच्या आत चहा पुढे केला. नाचणीची भाकरी चहात बुडवून खाल्ली. कितीतरी दिवसांनी गरम काहीतरी बसून खाल्लं.

काम तसं सोपं आहे. वरच्या माळावर खरपुडीची एक जात उगवते. फुलं येतात, फळ धरत नाही. का धरत नाही ते शोधायचं. साहेबांना अहवाल हवाय, मला झोप हवीय. शुभ्राला भोरला आईकडे ठेवलंय. पाच वर्षांची पोर, निघताना ओढणी सोडेना. वरदशी फारकत झाल्यापासून नोकरी, पोर, प्रवास, पुन्हा पोर. आता काही दिवस कुणी 'आई गं' म्हणून मागे लागणार नाही, याचं बरंच वाटलं. वाटलं ते लिहिलं.

२१ ऑगस्ट

खरपुडी म्हणजे लबाडांची राणी. बोटभर उंचीचा कंदील दिसतो नुसता. मध देत नाही, फक्त वास सोडते. माशीला वाटतं आत खायला आहे. ती नळीत उतरते, तर आतले केस सगळे खाली वळलेले, परत चढायची सोय नाही. दिवसभर कोंडून ठेवायचं. मग केस वाळतात, फूल मान टाकतं, माशी सुटते, पण तोंडाला परागांची पिवळी गाठोडी चिकटवून. आणि ती वेडी सरळ दुसऱ्या फुलात शिरते! ज्याला जे हवं त्याचा वास द्यायचा, एवढाच हिचा धंदा. काही फुलं तर कीटकाच्या मादीचा वास काढतात. नर मग खऱ्या मादीकडे ढुंकून बघत नाहीत, फुलालाच बिलगून राहतात.

इथल्या नळ्या मात्र रिकाम्या. माशी नाही, वासही नाही.

सगुणाबाईंनी लेकरं किती म्हणून विचारलं. एक आहे म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, मग तुमी त्या माळावर नगा जाऊ, भादव्यात लेकुरवाळी बाई तितं जात न्हाई. का, ते त्यांनाही ठाऊक नाही. सासू सांगायची, एवढंच. मी म्हटलं, पोर भोरला आहे, इथं मी सडीफटिंग. त्या हसल्या नाहीत. मी हसले.

२५ ऑगस्ट

माळावरची माशी बहुधा कायमची गेली. फुलं आपली रोज उमलतात, वाट बघतात, गळतात. दया आली मला. मग काय, पालथी पडले गवतात आणि सुईच्या टोकानं एका फुलातलं गाठोडं काढून दुसऱ्यात बसवलं. मग तिसऱ्यात. सकाळभर तेच. कंबरेचा काटा ढिला झाला.

आईचा फोन. गणपतीला तरी घरी ये म्हणत होती. फुलं थांबायची नाहीत, असं सांगितलं. मागून शुभ्रा रडत होती.

२८ ऑगस्ट

आज वास आला.

फुलावर वाकले होते, आणि एकदम शुभ्राच्या टाळूचा वास. ती दुपारी झोपून उठली की येतो तोच. खोबरेल, दूध, थोडासा घाम. अंगातला शीण कुणीतरी हातानं काढून घेतल्यासारखा गेला. तिथंच पडून राहिले. ऊन कधी कललं कळलं नाही. मोबाईल खोलीवरच राहिला होता. आईचे फोन येऊन गेलेत.

उद्या करेन.

३१ ऑगस्ट

कळलं मला. वास हा ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याच्यासाठी असतो. माशी गेली म्हणून वास गेला. माशीचं काम मी केलं. म्हणून आता वास माझ्यासाठी आहे.

आंघोळ करताना वरच्या ओठाला काहीतरी खुपलं. आरशात बघून चिमट्यानं काढलं. पिवळं गाठोडं. सुई तर मी परवापासून नेलीच नाही. म्हणजे तोंडानंच मी— शी!

भीती वाटते. खरंच वाटते. आईला सांगितलं, मीच येते, उद्या सकाळच्या एसटीनं. शुभ्राला फोनवर घेतलं, पण फोनला वास नसतो. सगुणाबाईंनी बॅग भरायला मदत केली. म्हणाल्या, पोरीला कुशीत घ्या, समदं सरळ हुईल.

१ सप्टेंबर

एसटीसाठीच निघाले होते. देवाशपथ.

माळावर होते. दुपारपर्यंत. बॅग कुठं राहिली ठाऊक नाही. फळं धरू लागलीत, जोडीजोडीनं, हिरवी. बघून मला रडू फुटलं. आनंदानं— म्हणजे, मला आनंद का व्हावा?

ओठ सुजलेत. पिवळं निघत नाही आता.

२ सप्टेंबर

खाणं नको. झोप नको. दिवसभर वर. एका फुलापाशी हलताच येत नव्हतं, मग फुलानं मान टाकली आणि सुटले. वाटलं, आता घरी. पाय दुसऱ्याकडे—

३ सप्टेंबर, सकाळ

मी पोचले नाही म्हणून आई शुभ्राला घेऊन आली. पोर धावत येऊन बिलगली. तिची टाळू हुंगली.

काही नाही.

पुन्हा हुंगली. साबण. प्रवासाची धूळ. आमची शुभ्रा अशी नाही. डोळे तसेच आहेत, आवाज तसाच, पण—

माझा अवतार बघून आईनं तोंडावर हात ठेवला. सगुणाबाईंबरोबर गाडी बघायला गेलीय. पोरीला माझ्यापाशी ठेवून. नको ठेवू म्हणायचं होतं. तोंड उघडेना.

दुपार

घरात एक पोर आहे. ओढणी धरते. तिला सांगितलं, येईल हं तुझी आई, बस इथं.

वरून वास येतोय. जोरात. माझी शुभ्रा भुकेली असली की असाच—

ही पोर सोडत नाही. बोटं एकेक करून काढली. आत ठेवून बाहेरून कडी घातलीय. पायरीवर बसून लिहितेय. दार बडवतेय. आई, आई. कसली बाई असेल हिची आई, एवढी पोर परक्याच्या दारात टाकून—

आले गं शुभ्रा. रडू नको राणी. आले, वरच येतेय, मी