बॉयलरखोलीतले चौघे

मी, आप्पासाहेब सांडू गोरे, वय ७०, माजी नौसैनिक, मूळ देवगाव रंगारी, राहणार गारखेडा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने करतो. छाती निकामी झाली असली तरी बुद्धी शाबूत आहे. कोणाचा दाब नाही. पूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर पत्नी वच्छलाबाई हिला मालकी हक्काने. मुलगा काकासाहेब याने त्यात हिस्सा मागू नये. देवगावची जमीन त्याची.

२. ऑक्सिजनचे यंत्र गरजवंताला फुकट द्यावे.

३. जहाजावर मी स्वयंपाकी होतो. १९७८ साली जहाज दुरुस्तीला लागले, तेव्हा आम्हा चौघांना बॉयलरखोलीत नळ्यांवरचे जुने ॲस्बेस्टॉस खरवडायला लावले. सात महिने, तोंडाला नुसता रुमाल. भुगा कापसागत उडे. आम्ही हसत एकमेकांच्या अंगावर टाकायचो. तीस वर्षांनी फुफ्फुसे दगड झाली. अपंगत्व पेन्शनसाठी तीनदा अर्ज केला. उत्तर एकच : नोंद स्वयंपाक्याची आहे, आजाराचा सेवेशी संबंध नाही. अपीलही फेटाळले. माझ्यामागे कोणी धावपळ करू नये.

४. चौघांतले दोघे वारले. उरला गंगापूरचा बद्रीनाथ. अपिलात त्याची साक्ष हवी होती. त्याच्या दारात गेलो, तर म्हणाला, "आप्पा, मला नाय आठवत. पोराची भरती हाय, मला कागदात ओढू नको." नऊ वर्षे मी त्याचे तोंड पाहिले नाही.

गेल्या वर्षी तो स्वतः आला. फाटकापासून दारापर्यंत येताना दोनदा खाली बसला. "डॉक्टर म्हनतो, तुझ्यासारखंच हाय. साक्ष देशील का?"

मी प्रतिज्ञापत्र करून दिले. वच्छला म्हणाली, "तुमाला लाज नाय का?"

परवा त्याला उत्तर आले. साक्षीदाराचाच दावा फेटाळलेला असल्याने त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

५. बद्रीनाथ मयतीला आला तर त्याला कोणी टाकून बोलू नये. बसायला खुर्ची द्यावी. खांदा द्यायला मात्र सांगू नये. त्याला चार पावलेही चालवत नाहीत.

वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे.

सही : आप्पासाहेब सांडू गोरे

आमच्यासमक्ष सही केली. दम लागल्याने मध्ये दोनदा थांबले.
साक्षीदार : १) श्रीनिवास अनंतराव देवळाणकर, २) बन्सी तात्यासाहेब जाधव
छत्रपती संभाजीनगर, ११ नोव्हेंबर २०२४