अन्वरला मराठी समजतं

परभणी, सोम. ७ ऑक्टो. १९४६
हैदराबादेहून विद्यापीठाचे चार उमेदवार आले. पुढं नायब तहसीलदार होणार. शाळा सुटल्यावर रोज तासभर त्यांना रयतेशी बोलायला शिकवायचं, असा मला हुकूम. चौघांची उर्दू अस्खलित, मराठी बाजारापुरती. आज एवढंच सांगितलं: घोड्यावरून बोलू नका, खाली उतरा. तिघं हसले. अन्वर नावाच्यानं लिहून घेतलं.

गुरु. १०
समोरच्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, हा आजचा धडा. मी शेतकरी झालो, मुद्दाम अडखळलो. बाकीच्यांनी मधेच तोडलं. अन्वर गप्प बसून राहिला. इतका, की जे ठरवलं नव्हतं तेही मी बोलून गेलो. घरी सौ.ला सांगितलं तर म्हणाली, "तुमाला सुदिक शिकव म्हणावं त्याला."

सोम. १४
सरावाला तीन कोसांवरच्या एका खेड्यात. पारावर माणसं जमली, पण बोलेनात. धान्याची सक्तीची वसुली नुकतीच होऊन गेलेली. अन्वर खाली बसला. गयाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिला विचारलं, "मावशी, पेरणी झाली का?"
बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, "बी सुदिक नेलं, बाबा. न्हाई म्हणलं तर लेकाला मारलं. अजून उठता येईना त्याला."
अन्वर मधे एक शब्द बोलला नाही. सगळं मराठीत उतरवलं, तिला वाचून दाखवलं, अंगठा घेतला. परत बैलगाडीत निघालो. मला अभिमान वाटत होता. परभणी जवळ आली तशी भीती.

बुध. १६
अन्वरनं तो जबाब कचेरीत दाखल केला. मला न विचारता. विचारलं असतं तर मी बहुतेक...

शनि. १९
कचेरीतल्या बड्या साहेबांनी बोलावलं. उभंच ठेवलं. आवाज लय मऊ. म्हणाले, पोरगा नवा आहे, भाषा कळली नाही, असं लिहून द्या. जबाब रद्द होईल, त्याची नोकरी वाचेल, तुमचीही. सोमवारपर्यंत मुदत.


रवि. २०
सकाळी अन्वर घरी आला. त्याला सगळं कळलं होतं.
"लिहा, मास्टरसाब. मला मराठी येत नाही म्हणून लिहा. मी रागावणार नाही. पण मावशीला ते तुम्हीच जाऊन सांगा."
चहा तसाच ठेवून गेला. सौ. दाराआड उभी होती. तो चहा तिनं संध्याकाळपर्यंत उचलला नाही.

सोम. २१
लिहून दिलं: उमेदवारास मराठी उत्तम समजते. बाई बोलली तेच त्याने लिहिले आहे. मी हजर होतो.
शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. साहेबांनी दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. "जा," एवढंच म्हणाले.

बुध. २३
तास बंद. अन्वरला तातडीनं हैदराबादेस बोलावलं, सकाळच्या गाडीनं गेला. भेट नाही. जबाबाचं काय झालं, कचेरीत कुणी सांगेना. दुपारी शिपाई शाळेत येऊन माझं गाव, सासुरवाडी विचारून गेला.
सौ.नं आम्हा दोघांची गंगाखेडला तिच्या भावाकडं जायची वळकटी बांधलीय. मी म्हटलं, उद्या आधी गयाबाईकडं जाऊन येतो, पोराचं कसं आहे बघतो. तिनं वळकटी सोडली नाही. किती भाकरी बांधून देऊ, एवढं विचारलं.