प्रार्थनेतलं नाव

मांडवी, रत्नागिरी
१९३१

चि. भागोजीस ताईचा आशीर्वाद.

मी ख्रिस्ती झाले तेव्हा तू मला घराचं दार बंद केलंस. पण आई अंथरुणाला खिळल्यापासून मी रोज तिथे जाते. अंग पुसलेलं तिला चालतं, माझ्या हातचं पाणी मात्र चालत नाही. म्हणून पेज शेजारची चिमा शिजवते आणि तीच भरवते. आईचा नेम मी मोडणार नाही.

काल तिचे पाय चोळताना मी प्रार्थना करत होते.

"काय पुटपुटतंस गो?"

"तुझ्यासाठी मागत्ये, आये."

"माझ्यासाठी कशाक? भागोजीसाठी माग. मुंबैत एकटा हाय, त्यात डोक्यानं तापट."

भागोजी, इतकी वर्षं तुझं नाव ओठांपर्यंत यायचं आणि मी घाईने 'आमेन' म्हणून उठायचे. काल ते मोठ्याने घेतलं.

आई म्हणाली, "परत घे. नीट ऐकू नाय आला."

मी परत घेतलं.

हे पत्र टपालात टाकणार नाही. तू येऊन मला अडवशील. आई आहे तोवर मी जाणारच, आणि ती गेल्यावरही तुझ्यासाठी मागत राहीन.

रोज तुझं नाव घेणारी,
यमुनाताई