फळ्यावरून पुसलेली ओळ

अण्णा, पंचवटीतल्या चौकातला फळा तुमच्यानंतर मीच लिहितो. कोणाचं निधन, पाणी कधी येणार नाही, रक्तदान कुठे, एवढंच. तुम्ही असताना मी एकदा ऐकीव बातमीवर एका जिवंत माणसाला फळ्यावर स्वर्गवासी करून टाकलं होतं. तुम्ही मला थेट त्यांच्या घरी नेलंत. ते पलंगावर बसून पोहे खात होते. "आता ह्यांच्यासमोर वाच, काय लिहिलंस ते," तुम्ही म्हणालात. मला वाचता आलं नाही. तेव्हापासून मी ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेत आलो, आणि गेल्या आठवड्यात नेमका तिथेच चुकलो.

आपल्या गल्लीतल्या एका तरुणाला भाजीबाजाराजवळ कोणीतरी भोसकून मारलं. पोलिसांचा पंचनामा व्हायचा होता, पण चौकातल्या मंडळाची पोरं मजकूर घेऊन हजर: मारणारे मुसलमानच, त्यांच्या दुकानाची पायरी चढू नका. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी लिहिलं. मग अंत्ययात्रेची वेळ विचारायला त्याच्या घरी गेलो, तर त्याची आई माझ्या खडूने माखलेल्या हातांकडे टक लावून बघते आहे. फळ्यावरचं तिच्या कानावर आलेलंच होतं.

"भाऊ, माझ्या लेकाच्या नावानं लोकांची दुकानं बंद करतो होय? कोणी मारलं ते मला नाय ठाऊक. तुला कसं कळलं?"

परत येऊन सगळ्यांदेखत ओल्या फडक्याने फळा पुसला. "काका, घाबरले का?" एकाने विचारलं. हो म्हणालो, आणि नाव, वेळ लिहून खाली लिहिलं, 'खुनी कोण हे अजून कोणालाही माहीत नाही. आईची विनंती, कोणालाही त्रास देऊ नये.' मग संध्याकाळपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसलो. जो थांबेल त्याच्या हातात हे पुसायला फडकं तर नाही ना, हे बघत होतो.

तुमचे सदरे शिवणाऱ्या टेलरचाचांनी तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं. मला हाक मारून चहा दिला. हा माणूस आज इतकं गोड का बोलतोय, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात त्यांनी मोबाइल पुढे केला. पुसण्याआधीच्या फळ्याचा फोटो होता.

"बेटा, अक्षर तुझंच ना?"

"पोरांनी भरीला घातलं, चाचा."

त्यांनी मान डोलावली आणि मशीनवर जाऊन बसले.

अण्णा, तुम्ही असतात तर हे तुमच्यापुढे कबूल करायची माझी छाती झाली नसती. मला कोणी भरीला घातलं नव्हतं. ती पुसलेली ओळ मला पटली होती.