शुक्रवारची गोळी

प्रिय आई,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. सुनेने सासूला पत्र लिहायचं, तेही ती गेल्यावर, आणि तेही गोळ्यांबद्दल! तुम्ही असता तर पदर तोंडाला लावून हसला असतात. पण आज आपली शुक्री माहेरी आली आणि तिने असं काही विचारलं, की तुमच्याशिवाय सांगू कुणाला?

"आई, ह्यांची नाइट ड्युटी असते तेव्हा पाळणा लांबवायची गोळी न्हाय घेतली तर चालतं ना?"

आठवलं ना? दोन मुलींनंतर मी लपवलेल्या गोळ्या तुम्हाला तांदळाच्या डब्यात सापडल्या. तुम्हाला तर नातू हवा होता! वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण तुम्ही पाकीट परत तांदळात खुपसलंत. म्हणालात, "रोज कशाला खातेस? गरमी होते. तो शुक्रवारचा घरी येतो, तवाच खा."

भिवंडीत ह्यांच्या पॉवरलूमला शुक्रवारी सुट्टी, म्हणून मलाही पटलं. सातवी शिकलेली मी, नर्सबाईंना विचारायला काय झालं होतं? पण तुम्ही रागावला नाहीत, यातच मी खूश होते.

मग तिसरी झाली. नाव प्राजक्ता, पण तुम्ही शुक्रीच म्हणत राहिलात. का, ते आपल्या दोघींनाच ठाऊक!

भातलावणीच्या तोंडावर मूल बंद करायचं ऑपरेशन कोण करतं? बाया थंडीपर्यंत थांबतात. तुम्ही थांबू दिलं नाहीत. "आता तिला झेपायचं न्हाय. नातू न्हाय झाला तरी चालंल," असं मुलाला सुनावलंत आणि दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्या वाटणीची लावणी केलीत. 'चुकले' असं मात्र कधी म्हणाला नाहीत हं!

शुक्री पहिल्या बाळंतपणात जेमतेम वाचली. डॉक्टरांनी तीन वर्षं थांबायला सांगितलंय. म्हणून आज तिला सगळं सांगितलं, नावासकट. सांगताना भीतीच वाटली. पोरीला वाटेल, आपण नको होतो.

पण ती डोळे पुसत हसली. "म्हंजे आजीला म्हायती असतं, तर मी नसतेच!"

मी तिला घट्ट जवळ घेतलं.

उद्या तिला अंबाडीला दवाखान्यात नेते. गोळी रोज घ्यायची की तांबी बसवायची, ते नीट विचारून तीच ठरवेल. तिच्या सासूशी मी बोलेन.

आई, तुमचा तो सल्ला मी कुणालाही देणार नाही, हे वचन. पण मला दिलात, ते फार बरं केलंत.

तुमची सून,
सुनंदा