शेवटचा माग आणि लाल दिवा

मी, श्रीमती शकुंतला हंबीरराव साळुंखे, वय ७४, व्यवसाय लेखन व घरकाम, राहणार माधवनगर, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र लिहिते आहे, कारण या महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझ्या शेडसमोर भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला. तो माझ्या मुलाने बोलावला होता. मी तेव्हा जिवंत होते आणि अंगणात मेथी निवडत होते. तरी मला कुणी विचारलं नाही. मेल्यावर विचारतील अशी आशा नाही, म्हणून आज लिहून ठेवते.

मला मधुमेह आहे, पण बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. वकिलांनी छापील मसुदा आणला होता, तो मी परत केला. "ताई, मृत्युपत्रात एवढा मजकूर लागत नाही," असं ते म्हणाले. मिळकत माझी आहे, तेव्हा मजकूरही माझाच राहील.

कलम १. माधवनगरचं राहतं घर व त्यामागची यंत्रमागाची शेड माझे पती कै. हंबीरराव यांनी बक्षीसपत्राने माझ्या नावे केली. ती सर्वस्वी माझ्या मालकीची आहे. पैकी राहतं घर मी मुलगा वीरधवल यास देते. त्याने घराची डागडुजी वेळेवर केली आहे आणि मला कधी उपाशी ठेवलेलं नाही. शेड त्यास देत नाही. कारण कलम ४ मध्ये आहे.

कलम २. माझ्या पाटल्या, मोहनमाळ व माहेरचं, म्हणजे रहिमतपूरचं, पितळी घंगाळ मुलगी संयोगिता हिला द्यावं. ती साताऱ्यात असते. घंगाळ जड आहे, तिने गाडी घेऊन यावं. बँकेतल्या शिलकेतून माझा अंत्यविधी करावा, उरेल ते नात ओवी हिच्या शिक्षणाला ठेवावं. तेराव्याला गोडाधोडाच्या पंगती घालू नयेत. मला गोड चालत नव्हतं.

कलम ३. सत्कारात मिळालेल्या शाली लोखंडी कपाटात आहेत. त्या कुणाच्याही सत्काराला खुशाल वापराव्यात. माझ्याकडेही त्या तशाच आल्या. एकीच्या घडीत आधीच्या सत्कारमूर्तीच्या नावाची चिठ्ठी निघाली होती.

सत्कार करणाऱ्या प्रत्येकाने माइकवर एकच वाक्य म्हटलं: "शकुंतलाबाईंनी घर सांभाळून लिहिलं." माझ्या शोकसभेत हे वाक्य कुणी उच्चारल्यास आमचा जुना कारागीर लालासाहेब याने माइकची पिन काढावी. मी लिहीत असताना घर मी सांभाळत नव्हते. हंबीरराव सांभाळत, सासूबाई सांभाळत, आणि काही दुपारी कुणीच सांभाळत नसे. भाकरी करपत आणि पोरं करपलेल्या खात. दोघंही आज धडधाकट आहेत.

कलम ४. हे कलम सावकाश वाचावं.

मी साताऱ्याच्या कॉलेजातून बी.ए. होऊन या घरात आले तेव्हा मागे सहा माग चालत. शेडच्या कोपऱ्यात सूत ठेवायची खोली होती. तिथे मी टेबल टाकलं. लोकांना वाटे, एवढ्या खडखडाटात बाई लिहिते कशी. मी त्या खडखडाटामुळेच लिहिलं. माग चालू असले की घरातली एकही हाक माझ्यापर्यंत येत नसे. पोर रडलेलं, दूध उतू गेलेलं, दारात कोण आलं, मला काही कळत नसे. लाईट गेली की माग थांबत आणि पहिली हाक लगेच येई.

पण पोरं लहान होती, म्हणून हंबीररावांनी खोलीत एक लाल दिवा बसवला आणि त्याचं बटण दाराबाहेर ठेवलं. रक्त, आग किंवा मरण असेल तरच बटण दाबायचं, असा नियम होता. सासूबाई लीलाबाई यांनी तो हिंगाच्या डबीसाठी मोडला. त्यांचं आणि लालासाहेबाचं बोलणं मला अजून आठवतं.

"आरं, ती आत करत्या तरी काय?"

"लिवत्यात, आक्का."

"मग भाकरी बी लिवूनच ठेव म्हणावं."

दिवा लागला की हातातलं वाक्य जाई, ते परत सापडत नसे. अशी बरीच वाक्यं सासूबाईंकडे येणं आहेत. त्या आता नाहीत, तेव्हा ती बाकी मी सोडून देते. हंबीररावांनी माझं एकही पुस्तक वाचलं नाही. पण लाईट गेली की ते खोलीच्या दाराशी विडी ओढत उभे राहत. कुणी आलं की म्हणत, "लाईट आल्यावर या."

ते गेले, धंदा बसला. माझ्या सत्तराव्या वाढदिवसाला वीरधवलने पाच माग विकले. सहावा फार जुना म्हणून कुणी घेतला नाही. त्याने मला शेडमध्ये नेलं आणि म्हणाला, "आई, आयुष्यभर गोंगाटात लिहिलंस. आता शांतपणे लिही." त्याचे डोळे भरून आले होते. त्याने ते प्रेमाने केलं, यात मला शंका नाही.

त्यानंतर मी एकही कथा पूर्ण केलेली नाही. शांततेत मला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. ओवीची खोकल्याची उबळ, फाटकाची कडी, टीव्हीवरचं भांडण, सगळं ऐकू येतं, आणि ऐकू आलं की मी उठते. हे मी त्याला सांगितलं. तो हसला. "आई, लोक शांततेसाठी महाबळेश्वरला जाऊन लिहितात." त्यांची पोरं सोबत जात नाहीत, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं.

आता सून रेश्मा हिच्याबद्दल. ती गॅसजवळ उभी राहून फोनवर काहीतरी टिपत असे. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "वाणसामानाची यादी, आई." यादी करताना बाईचे ओठ हलत नाहीत. मी फोन मागितला. ती अर्धी कथा होती. मी वाचली. शेवट सोडून दिल्यासारखा होता. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "शेवटाच्या वेळी ओवीची बस आली." कथा चांगली आहे. मी चांगली नसलेल्या गोष्टीला चांगली म्हणत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

टेम्पो आला त्या दिवशी हमालांनी मागाला दोर बांधला होता. रेश्मा हातातलं पीठ न धुता बाहेर आली आणि मागासमोर उभी राहिली.

"भाऊ, दोर सोडा."

"रेश्मा, तुझं काय काम हितं?" वीरधवल म्हणाला.

"माझंच काम आहे."

लग्न होऊन बारा वर्षं झाली, ती नवऱ्याला चारचौघांत पहिल्यांदा उलट बोलली. हमालांनी दोर सोडला. वीरधवल दोन दिवस जेवणापुरता घरात आला. शेड पाडून गाळे काढायचा त्याचा बेत होता. गाळ्यांचं भाडं चांगलं आलं असतं, हे मला मान्य आहे.

सबब, यंत्रमागाची शेड, सुताची खोली, टेबल, खुर्ची आणि उरलेला एक माग मोटरसह मी सून रेश्मा वीरधवल साळुंखे हिला देते. ही मिळकत तिने विकावी की ठेवावी हा तिचा प्रश्न आहे, तिच्या नवऱ्याचा नाही. माग रिकामा चालवू नये, ती उधळपट्टी आहे. लालासाहेबाने तो दुरुस्त केला असून दुपारी तो त्यावर मांजरपाट विणेल. कापड त्याचं, खडखडाट रेश्माचा. मी त्याला बोलावलं तेव्हा म्हणाला, "वैनी, येवढ्या आवाजात सुचतं व्हय तुमास्नी?" मी म्हणाले, तुला झोप लागते ना मागाजवळ? म्हणाला, "लय गाढ." तसंच ते.

कलम ५. माझ्या पुस्तकांचे हक्क दोन्ही मुलांना समान. अपुऱ्या कथा जाळाव्यात. रेश्माने त्या पुऱ्या करू नयेत. तिने स्वतःच्या कराव्यात.

कलम ६. अंमलबजावणी संयोगिताने करावी. भावाशी भांडू नये. वीरधवलने हे कलमवार वाचावं आणि रागावण्याआधी एक दुपार चालू मागाशेजारी बसून पाहावी.

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला, वाचला आणि त्यात बदल करण्याचं कारण दिसलं नाही.

सही: शकुंतला हं. साळुंखे
ठिकाण: माधवनगर. दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. लालासाहेब ज्योतिबा कांबळे, कारागीर
२. आप्पासो बाळकृष्ण चौगुले, निवृत्त मुख्याध्यापक

ताबा दिल्याची नोंद

मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. रेश्माने तोवर थांबण्याचं कारण नाही. म्हणून आज दुपारी साक्षीदारांसमोर तिला पुढील वस्तू दिल्या: सुताच्या खोलीची किल्ली, टेबल, खुर्ची, मी वापरत असलेली गादी (खुर्ची टोचते), आणि चालू स्थितीतला माग. लालासाहेबाने मागाचं बटण दाबलं. रेश्मा आत गेली आणि तिने आतून कडी लावली. ओवीने दाराबाहेर "आई" म्हणून दोनदा हाक मारली, ती हाक आत पोचली नाही.

लाल दिव्याचं बटण कुणालाही दिलेलं नाही. त्याच्याखाली मी माझ्यासाठी दुसरी खुर्ची ठेवली आहे. मी हयात आहे तोवर ते माझ्या ताब्यात राहील.